परत म्हणजे माघारी

(जुन्नरमध्ये तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर वाचीन, वेळ उरला तर. आधी एका क्रियापदावर बोलायचंय. हसू नका. मी दहावी पास माणूस, मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. व्याकरणावर बोलायचा परवाना माझ्याकडे नाही. पण सरकारी कागद आपल्याला मारतो तो व्याकरणानंच मारतो, आणि मार खाणाऱ्याला काठी कुठल्या लाकडाची आहे एवढं तरी कळलं पाहिजे.

क्रियापद साधं आहे. परत देणे.

ह्या 'परत'ला दोन तोंडं आहेत. 'परत सांग' म्हणजे पुन्हा सांग. 'घरी परत ये' म्हणजे निघालास तिथं ये. तसंच 'परत दे'चं. एखाद्यानं दारात आलेल्या भिकाऱ्याला काल रुपया दिला, आज परत दिला. इथं परत म्हणजे पुन्हा. आणि एखाद्यानं शेजाऱ्याचं घमेलं सकाळी नेलं, संध्याकाळी परत दिलं. इथं परत म्हणजे ज्याचं त्याला. शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात देणारा दाता होतो. दुसऱ्यात तो फक्त घमेलं नेलेला माणूस असतो. घमेलं परत केलं म्हणून कोणी कोणाला हारतुरे घातल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माझी आजी 'परत दे' असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, 'माघारी दे.' ह्या शब्दात 'पुन्हा' घुसूच शकत नाही. माघारी म्हणजे आलास त्या वाटेनं, होतं त्या जागी. लग्न झालेली लेक घरी आली की तिला माघारीण म्हणतात. तिचं ह्या घरातलं मूळ मान्य करूनच तो शब्द तयार झालाय. आपण मुंबई-पुण्याला गेलो, शिकलो, आणि 'माघारी' गावंढळ वाटतं म्हणून टाकून दिला. चुकलं ते. आपल्याकडे असलेलं सगळ्यात धारदार हत्यार आपण अडगळीत फेकलं.

सरकारकडे ह्याच्या उलट शब्द आहे. पुनर्. पुनर्वसन, पुनर्प्रदान, पुनर्स्थापना, आणि मुंबईत आमच्या चाळींच्या बोकांडी बसलेला पुनर्विकास. पुनर् म्हणजे पुन्हा. म्हणजे 'परत'च्या दोन तोंडांपैकी भिकाऱ्याच्या रुपयाचं जे तोंड, तेवढंच सरकारनं उचललं. घमेल्याचं तोंड शिवून टाकलं. कारण घमेल्याचा अर्थ घेतला तर पहिला प्रश्न येतो : नेलं कोणी होतं?

आता कागद बघू. पहिला कागद आमच्याच घरचा. गाव ह्याच जुन्नर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हाच कागद आहे. महार वतनाचा. सांगावे पोचवायचे, सरकारी बोजा वाहायचा, मेलेलं ढोर ओढायचं, रात्री जागायचं, आणि त्या बदल्यात जमिनीचा तुकडा. ही गुलामी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांना ते मागं घ्यावं लागलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा मुंबईचा कायदा आला तो १९५८ चा, लागू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. वतन गेलं, गावकीची कामं गेली. त्याबद्दल कोणी रडायचं कारण नाही.

पण जमिनीचं काय झालं? कायद्यानं ती आधी सरकारजमा केली. मग जो कसत होता त्यालाच, कब्जेहक्काची रक्कम भरली तर, पुन्हा प्रदान केली. तलाठ्याच्या तोंडी रिग्रँट. मुदतीत पैसे भरले नाहीत तर स्वतःच्या बांधावर उभा असलेला माणूस अनधिकृत भोगवटादार, हुसकून लावायच्या लायकीचा. भरले तरी नवी शर्त : जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकायची नाही. म्हणून आजही आमच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आहे. वर्ग दोन! जात गेली असं सांगणाऱ्याला हा सातबारा दाखवा.

कागदावरची गंमत बघा. जमीन आमच्याकडून गेली आणि आमच्याकडेच आली. माती हलली नाही, बांध हलला नाही, पणज्याचा नांगरसुद्धा हलला नसेल. हलला तो देणारा. त्याआधी आम्ही कसणारे होतो, त्यानंतर घेणारे झालो. गेल्या वर्षी एका कचेरीत नक्कल काढायला गेलो तर टेबलापलीकडचा म्हणाला, "तुम्हाला सरकारनं दिलेली जमीन ना ही?" मी म्हटलं, "साहेब, सरकारनं आधी घेतलेली." मान वर न करता तो म्हणाला, "तेच ते."

तेच ते नाही. एवढंच सांगायला मी इथं उभा आहे.

दुसरा कागद आपला नाही, पश्चिमेच्या डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर भावांचा आहे. त्यांच्या जमिनी सावकारानं गिळल्या हे काही आजचं नाही. १८७० च्या दशकात ह्याच डोंगरात होन्या केंगलेनं सावकारांविरुद्ध बंड केलं. १८७६ ला तो पकडला गेला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९७४ साली, अनुसूचित जमातींच्या जमिनी त्यांना परत करायचा कायदा महाराष्ट्रानं केला. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन परत करायची. अर्ज आला नाही तरी जिल्हाधिकाऱ्याला आपण होऊन चौकशी करता येते. जमीनवाले कोर्टात गेले, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत. न्यायालयानं १९८० च्या दशकात कायदा उचलून धरला. मी ह्या कायद्याला वाकून नमस्कार करतो. कचेरीच्या भाषेत ह्याला प्रत्यार्पण म्हणतात. अर्पण देवाला करतात असं मला वाटायचं, पण असो. ह्या कायद्यानं 'पुन्हा' न म्हणता 'परत' म्हटलं, हे मोठं आहे.

आता आत वाचा. जमीन परत घेताना आदिवासीनं काय करायचं? शेतसाऱ्याच्या आकाराच्या ४८ पट रक्कम किंवा त्या बिगरआदिवासीनं मोजलेली किंमत, ह्यांतली जी कमी असेल ती भरायची. वर त्यानं जमिनीत केलेल्या सुधारणांची किंमत. एकदम जमत नसेल तर वर्षाला एक असे जास्तीत जास्त बारा हप्ते. म्हणजे घमेलं नेलेल्या शेजाऱ्याकडे तुम्ही गेलात, तर तो म्हणतो, देतो की, पण मी त्याला नवी कडी बसवलीय, तिचे पैसे टाक. कायदा करणाऱ्यांची बाजू मला समजते. कोर्टात टिकायचं तर काही मोबदला लिहावा लागला असणार. पण ज्याला दोन वेळची भाकरी नाही त्याला बारा वर्षांचे हप्ते सांगायचे, आणि वर म्हणायचं, कायदा आहे ना, जमिनी का नाही मागत?

आणि तिसरा कागद पुनर्वसनाचा. ह्यावर जरा थांबतो, कारण आपली बहुतेक माणसं इथंच फसतात.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभ्याचं धरण आहे. कुकडी प्रकल्पातलं. ह्याच प्रकल्पात तुमच्या जुन्नरचं माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे. प्रकल्पाचं पाणी खाली शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. डिंभ्याच्या पाण्यात जी गावं गेली त्यांत आंबेगाव आहे. ज्याच्या नावानं तालुका, तेच गाव. तालुका आंबेगाव, कचेऱ्या घोडेगावला, आणि मूळ गाव जलाशयात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे पडके अवशेष वर येतात, पुण्याची पोरं मोबाईल घेऊन फोटो काढायला जातात. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू ह्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. पोटासाठी मुंबईला गेलेला मजूर, माझ्यासारखाच. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. बुडालेल्या गावावरच्या पाण्याला त्याचं नाव द्यावं की नाही, हे त्याला कोणी विचारणार नव्हतंच. बुडालेल्यांना तरी विचारायला हवं होतं.

इथं लोक काय बोलतात ते कान देऊन ऐका. म्हातारी म्हणते, "आम्हाला उठवलं." धरणानं गाव बुडालं असंही ती क्वचितच म्हणते, उठवलं म्हणते. उठवणाऱ्याकडे सरळ बोट आहे. आणि कागद काय म्हणतो? "बाधितांचे पुनर्वसन करण्यात आले." कोणी केलं? करण्यात आलं. बाधित कशानं झाले? झाले आपले.

शाळेतल्या विभक्ती आठवा. 'आम्हाला जमीन परत दिली.' इथं आपण चतुर्थीत आहोत, ला लागलाय. देणारा आहे, वस्तू आहे, घेणारा उभा आहे. तिघं समोरासमोर. आता 'आमचं पुनर्वसन झालं.' आपण षष्ठीत गेलो. चा, ची, चे. वस्तू गायब, देणारा गायब, आणि आपणच ती वस्तू झालो जिच्यावर काहीतरी झालं. गुरांचं लसीकरण होतं, रस्त्याचं डांबरीकरण होतं, तसं आमचं पुनर्वसन होतं. जुन्या सुधारकांचा लाडका शब्द घ्या, अस्पृश्यांचा उद्धार. तोही षष्ठीतलाच. आणि मराठी माणूस शिव्या घालताना काय म्हणतो? "त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला." भाषेला कळतं बरं का कधी कधी.

ह्यालाही बिल आहेच. १९९९ च्या पुनर्वसन कायद्यात पर्यायी जमीन पाहिजे असेल तर मिळालेल्या भरपाईतली ६५ टक्के रक्कम आधी सरकारकडे भरायची, मग जमीन. वतनाला कब्जेहक्काची रक्कम, आदिवासीला ४८ पट, धरणग्रस्ताला ६५ टक्के. ज्याचं गेलं त्यालाच प्रत्येक वेळी खिडकीवर पावती फाडावी लागते.

आमच्या गोदीत पोतं फाटलं की सांडलेला माल झाडून गोळा करतात. स्वीपिंग म्हणतो आम्ही. तोही पोत्यात भरतात, तोंड शिवतात, वजनही जवळपास येतं. पण त्याची थप्पी वेगळी लागते आणि वहीत तो वेगळा लिहिला जातो, कारण त्यात जमिनीची धूळ आलेली असते. धाब्यावर सगळं बसवणाऱ्या गोदीतसुद्धा स्वीपिंगला मूळ माल म्हणायची कोणाची छाती नाही. मग डोंगर, नदी, देवराई, शेजार सोडून आलेल्या माणसाला पत्र्याखाली बसवून 'पुन्हा वसवलं' कसं म्हणता?

धरणग्रस्त नुसते बसून राहिले असं मात्र समजू नका. डिंभ्याच्या काठावरच्या आदिवासींनी, आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीनं, दोन गोष्टी धरल्या. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन कसायची, तिला गाळपेर म्हणतात. आणि ज्या पाण्यानं गाव खाल्लं त्या पाण्यातल्या माशांवर हक्क सांगायचा, स्वतःची सहकारी संस्था काढून. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं मला कौतुक कमी. मला कौतुक ह्याचं की त्यांनी पाण्याचा स्वभाव ओळखला. सरकार माघारी देत नाही, पण पाणी दर उन्हाळ्यात माघारी जातं, आणि ते गेलं की ती जमीन कोणाची होती हे सगळ्यांना दिसतं.

इथून लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. लेण्याद्रीच्या ज्या विहारात भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत तिथं आज अष्टविनायकातला गिरिजात्मज आहे. लोक पायऱ्या चढून येतात, नमस्कार करतात, भिक्षूंच्या खोल्यांकडे बघतही नाहीत. मला आज त्यावर भांडायचं नाही. मला तिथल्या ब्राह्मी लेखांतला एक शब्द दाखवायचाय : देयधम. धर्म म्हणून दिलेलं. लेखांत देणाऱ्याचं नाव असतं, आणि बऱ्याचदा धंदा किंवा गावही. यवन आहेत. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम आहे, त्यानं मंडप आणि पाण्याचं टाकं दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे. अमात्य आणि बांबू सोलणारा एकाच डोंगरात, एकाच लिपीत. दिलं कोणी, कोणाला, काय, हे दगडात स्पष्ट. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बुरुडाला जमलं ते आजच्या शासन निर्णयाला का जमू नये? 'करण्यात आले' असं एकही लेणं म्हणत नाही.

आता एक अवघड गोष्ट. सगळंच माघारी येऊ शकतं असं सांगून मी टाळ्या घेणार नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं मेली. नवं माळीण आमडे इथं बांधलं, २ एप्रिल २०१७ ला ते लोकांच्या ताब्यात दिलं. पक्की घरं, रस्ते, शाळा. आणि त्याच वर्षी पहिल्या पावसात जमीन खचल्याच्या, भेगा पडल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी एकदा डोंगर अंगावर आलेला बघितला त्यांनी पहिल्या पावसात भेग बघितली. तिथल्या माणसाला मी 'परत देणे'चं व्याकरण शिकवायला जाणार नाही. गेलेलं माघारी येणार नाही तिथं एवढंच मागता येतं : नवीन द्याल ते नवीन म्हणून द्या, नीट द्या, त्याला जुन्याचं नाव लावून सुटका करून घेऊ नका.

आणि आपल्यासाठी आणखी एक सापळा आहे, तो फक्त आपल्यालाच दिसतो. 'पूर्ववत.' कुठं दंगल झाली, बहिष्कार पडला, बौद्धवाड्यावर दगड आले, की चौथ्या दिवशी पेपरात बातमी : जनजीवन पूर्ववत. पूर्वी काय होतं? पूर्वी पाणवठा वेगळा होता. धरणाखाली गेलेलं गाव 'होतं तसं' वसवायचं म्हटलं तर आपला वाडा कुठं येईल? वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वेशीबाहेर. पुनर्वसित गावाचा नकाशा मिळाला तर त्यावर बोट ठेवून बघा, बौद्ध वस्ती कुठल्या टोकाला आखलीय. म्हणून कोणी समग्र गावाच्या, संस्कृतीच्या, वैभवाच्या पुनर्स्थापनेच्या गोष्टी करायला लागला की मी खिसा धरतो. आपल्याला स्थिती परत नकोय. वतनाची जमीन पाहिजे, वतन नको. ढोर ओढायचं काम माघारी घेऊन तुकडा मागणारा आपल्यात एकही निघणार नाही. वस्तू मागा, गट नंबरासकट.

एका कायद्याचं मला भलं वाटतं. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या नावातलं क्रियापद देणे नाही, परत देणेही नाही. मान्य करणे आहे. वनहक्कांची मान्यता. हक्क होताच, आम्ही तो नाकारला होता, आता मान्य करतो. प्रस्तावनेत ऐतिहासिक अन्याय झाल्याचं सरळ लिहिलंय. अंमलबजावणीत दावे कसे अडकतात, मोजणीला कोण येत नाही, ते ह्या पश्चिम पट्ट्यातल्या कोणालाही विचारा, रात्र पुरणार नाही. पण क्रियापद बरोबर आहे, आणि बरोबर क्रियापद हातात असलं की साहेबासमोर उभं राहताना गुडघे कमी थरथरतात. माझा अनुभव आहे.

तर काम सांगतो. आपापल्या घरच्या जमिनीचा सातबारा काढा. नुसता चालू उतारा नको. जुने फेरफार काढा, गाव नमुना ६ च्या नकला. १९५९ नंतरची पहिली नोंद शोधा. धरणग्रस्त असाल तर संपादनाची नोंद शोधा. पुणे जिल्ह्यात लाभक्षेत्रातल्या कित्येक सातबाऱ्यांवर 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा होता, तोही बघा, कोणासाठी राखीव होता आणि कोणाला मिळाला. प्रत्येक नोंदीतलं क्रियापद खाली रेघ मारून ठेवा आणि शेजारी पेन्सिलीनं लिहा : घेतलं कोणी. मोडी असेल तर बाजूला काढा, वाचणारा माणूस गाठू. अर्जात 'आमचे पुनर्वसन व्हावे' असं लिहू नका, 'आमच्याकडून घेतलेली अमुक गटातली जमीन आम्हाला माघारी द्यावी' असं लिहा. कारकून 'माघारी' खोडून 'पुनश्च' करेल. त्याला खोडू देऊ नका.

मला रविवारी सुट्टी असते. शनिवारी रात्रीची गाडी धरून येतो. कागद घेऊन या.